सालीतले औषध, पेशीतले लक्ष्य

प्रस्तावना

घरातील कोणाला कर्करोग झाल्याचे निदान झाले, की काही अनोळखी शब्द त्या घरात मुक्कामालाच येतात. गाठ, तपासणीचा अहवाल, केमो आणि अलीकडे 'टार्गेटेड' औषध. डॉक्टर हा शेवटचा शब्द सहज उच्चारतात. ऐकणारा मान हलवतो. पण लक्ष्य म्हणजे नेमके काय, ते शरीरात कोठे असते आणि औषध तेथेच जाऊन पोहोचते हे कोणी व कसे पाहिले, हे विचारण्याचा धीर त्या वेळी सहसा होत नाही.

प्रस्तुत पाठात अशाच एका औषधाची हकिकत आली आहे. तिची एक बाजू पश्चिम घाटातील सदाहरित जंगलात, दुसरी मुंबईच्या मुलुंड उपनगरात, तर तिसरी बेंगळुरूच्या प्रयोगशाळांत आहे. पाठ वाचल्यावर प्रथिन कायनेज म्हणजे काय, त्याचे अवरोधक कसे काम करतात आणि एखाद्या औषधाचे लक्ष्य कळायला वर्षे का लागतात, हे तुम्हांला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल. शास्त्रीय विषयावरील मराठी गद्य वाचण्याचा सरावही होईल.

मूळ पाठ

१. बेंगळुरूतील साल

बेंगळुरू शहराच्या उत्तरेस, हेब्बाळ ओलांडून बेल्लारी रस्त्याने पुढे गेले, की गांधी कृषी विज्ञान केंद्राचा विस्तीर्ण परिसर लागतो. हे तेथील कृषी विद्यापीठाचे मुख्य आवार. कृषी विद्यापीठ म्हटले, की नाचणीचे सुधारित बियाणे किंवा जमिनीचा कस असे विषय डोळ्यांसमोर येतात, आणि ते तेथे आहेतच. परंतु याच विद्यापीठातील आर. उमाशंकर, के. एन. गणेशय्या आणि त्यांचे सहकारी यांनी एक वेगळा प्रश्न हाती घेतला होता. कर्करोगावरील औषधांना लागणारी द्रव्ये ज्या रानझाडांत सापडतात, ती झाडे घाटात किती उरली आहेत? आणि तेच द्रव्य झाड न तोडता मिळवता येईल का?

या शोधात २०१० साली त्यांनी एका झाडाविषयी निबंध प्रसिद्ध केला. झाड कडुनिंबाच्या कुळातील, उंच वाढणारे, घाटातल्या दमट सदाहरित रानातले. वनस्पतिशास्त्रज्ञ त्या काळी त्याला 'डायसॉक्झायलम बायनेक्टॅरिफेरम' या लांबलचक नावाने ओळखत. धनेशासारखे मोठे पक्षी त्याची फळे खातात आणि बिया दूरवर टाकतात. या झाडात 'रोहिटुकिन' नावाचे द्रव्य भरपूर असल्याचे बेंगळुरूच्या गटाने दाखवले. हे द्रव्य प्रथम मिळाले होते ते दुसऱ्याच एका झाडात. संस्कृतात ज्याला रोहितक म्हणतात त्या वृक्षातून ते वेगळे काढून १९७९ साली त्याची रचना ठरवण्यात आली; द्रव्याचे नाव त्या वृक्षावरूनच पडले.

एका रानझाडाच्या सालीतील द्रव्याची एवढी मातब्बरी का असावी? हे समजण्यासाठी काही काळ जंगल सोडून पेशीच्या आत जावे लागेल.

२. शिक्का मारणारे कारकून

एखादी तहसील कचेरी डोळ्यांसमोर आणा. टेबलांवर अर्जांचे ढीग आहेत. अर्ज कितीही बिनचूक असला, तरी त्यावर शिक्का बसेपर्यंत तो पुढे सरकत नाही. शिक्का बसला, की कागद चालू लागतो. पेशीतील प्रथिनांचे बरेचसे काम असेच चालते. प्रथिन तयार असते, जागेवर असते, पण निष्क्रिय असते. त्यावर फॉस्फेट नावाचा लहानसा रासायनिक गट बसवला, की ते जागे होते; काही प्रथिने याउलट फॉस्फेट बसताच थांबतात. हा फॉस्फेटचा शिक्का मारणारे विकर म्हणजेच प्रथिन कायनेज होय. शिक्का पुसून टाकणारी निराळी विकरेही पेशीत असतात. अन्यथा एकदा चालू झालेले काम कधी थांबलेच नसते.

या व्यवस्थेचा पहिला धागा १९५५ साली अमेरिकेतील सिॲटल येथे एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांच्या हाती लागला. स्नायूंत साठवलेली शर्करा गरजेच्या वेळी कशी मोकळी होते, एवढाच त्यांचा विषय होता. कर्करोग त्यांच्या मनातही नव्हता. १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तोवर कायनेजांची यादी खूप लांबली होती. मानवी शरीरात पाचशेहून अधिक प्रकारची प्रथिन कायनेजे आहेत, हे आता आपणांस ठाऊक आहे. म्हणजे कचेरीत पाचशेच्या वर कारकून आहेत आणि प्रत्येकाचे खाते वेगळे आहे.

आता कल्पना करा, की यांतील एक कारकून बिघडला. वरून हुकूम येवो न येवो, तो दिवसरात्र शिक्के मारत सुटला. त्याचे खाते पेशीच्या वाढीचे असेल, तर पेशी कारण नसताना वाढू लागेल, विभागत राहील. अनेक कर्करोगांच्या मुळाशी नेमके हेच असते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रक्ताच्या एका कर्करोगाचे आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या आजारात नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि दोन जनुकांचा विजोड सांधा तयार होतो. त्यातून जन्मणारे कायनेज सतत चालूच राहते. त्याला अडवणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले, आणि ज्या आजाराचे नाव काढले की घरातील माणसे हात टेकत, त्या आजाराचे रुग्ण रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षे कामधंदा करू लागले. भारतात या औषधाला न्यायालयीन इतिहासही आहे. त्याच्या विशिष्ट स्फटिकरूपावर नोव्हार्टिस कंपनीने मागितलेले एकस्व सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले. या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांची संस्थाही एक पक्षकार होती. लक्ष्य सापडणे, औषध सापडणे आणि ते रुग्णाच्या खिशाला परवडणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या खटल्याने सर्वांसमोर आणले.

कायनेजचे अवरोधक काम कसे करतात? शिक्क्यासाठी शाई लागते. पेशीत ही शाई म्हणजे एटीपी नावाचा रेणू. कायनेजच्या अंगात एक खोबण असते. एटीपी तेथे येऊन बसतो आणि त्याच्याकडचा फॉस्फेट कायनेज दुसऱ्या प्रथिनावर बसवते. बहुतेक अवरोधक या खोबणीत स्वतःच जाऊन बसतात. शाईला जागा उरत नाही आणि शिक्का कोरडा पडतो.

येथेच मोठी अडचण आहे. कारकून पाचशे असले, तरी शाईची पेटी सर्वांकडे जवळजवळ सारखीच. एकाची खोबण बुजवण्यासाठी केलेले औषध दुसऱ्याच्या खोबणीतही बसू शकते. बिघडलेल्या कारकुनाबरोबर चार निरपराध कारकून बंद पडले, की रुग्णाला त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून एखादे औषध 'कायनेज अडवते' एवढे सांगून भागत नाही. कोणते कायनेज, कोणत्या पेशीत आणि किती मात्रेला, हे विचारावे लागते. रोहिटुकिनची पुढील हकिकत ही मुख्यतः या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्याची हकिकत आहे.

पाठगत प्रश्न
(अ) प्रथिन कायनेजचे काम समजावण्यासाठी पाठात कोणती उपमा वापरली आहे? त्या उपमेत 'शाई' म्हणजे काय?
(आ) पाचशे कायनेजांची खोबण जवळजवळ सारखी असण्याचा तोटा कोणता?

३. मुलुंडची प्रयोगशाळा

हे द्रव्य बेंगळुरूच्या आधी मुंबईत येऊन गेले होते. जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र मुलुंड येथे होते. भारतीय वनस्पतींतून नवी औषधद्रव्ये शोधणे हे त्याचे एक मुख्य काम. नोएल डिसोझा, सुजाता भट आणि त्यांचे सहकारी तेथे एकामागून एक वनस्पतींचे अर्क तपासत. गुजरातेत जिच्या मुळांचे लोणचे घालतात, त्या कोलियस वर्गातील वनस्पतीतून त्यांनी 'फोर्स्कोलिन' वेगळे काढले होते. हे द्रव्य पेशीतील एका संदेशरेणूचे प्रमाण वाढवते आणि त्या मार्गाने एक कायनेज जागे करते. जगभरातील प्रयोगशाळांत आजही ते त्यासाठीच वापरले जाते. मुंबईच्या एका उपनगरातून जगाच्या प्रयोगशाळांना मिळालेली ही देणगी मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

डायसॉक्झायलमच्या झाडाकडे हा गट वळला तो सूज कमी करणाऱ्या व शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेवर परिणाम करणाऱ्या द्रव्याच्या शोधात. त्यांना जे द्रव्य मिळाले ते रोहिटुकिन होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या गटाने त्याची रचना सांगितली आणि प्रयोगशाळेत ते पूर्णपणे घडवण्याची रीतही दिली. निबंधाच्या शीर्षकात सूज आणि प्रतिकारशक्ती यांचा उल्लेख आहे, कर्करोगाचा नाही.

नैसर्गिक द्रव्य हाती आले, की रसायनशास्त्रज्ञ त्यात लहानसहान फेरबदल करून पाहतात. स्वयंपाकात एखादा मसाला बदलून पाहावा, तसेच हे. रोहिटुकिनच्या रेणूत एका जागी मिथिल हा छोटा गट असतो. तो काढून त्या जागी क्लोरीन धारण करणारे एक कडे बसवले, तेव्हा जो नवा रेणू झाला त्याला 'फ्लॅव्होपिरिडॉल' असे नाव मिळाले. पुढे त्याचेच 'अल्व्होसिडिब' असे नामकरण झाले.

४. आधी औषध, मग लक्ष्य

फ्लॅव्होपिरिडॉल अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे गेले. तेथे त्याची ओळख केवळ एक सांकेतिक क्रमांक एवढीच होती: एल ८६-८२७५. कर्करोगाच्या पेशींवर ते टाकल्यावर पेशींची वाढ थांबते, असे १९९२ साली प्रसिद्ध झाले. एक गोष्ट विशेष होती. पेशी वाटेल तेथे थांबत नव्हत्या. विभाजनाच्या ठरावीक टप्प्यांवर येऊन थबकत होत्या, नाक्यावर अडवलेल्या गाड्यांसारख्या.

या निरीक्षणाचा अर्थ लावता आला, कारण त्याच सुमारास पेशीच्या विभाजनाचे घड्याळ उलगडले होते. लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी किण्वाच्या पेशींत, तर टिम हंट यांनी सी अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यांत एकाच यंत्रणेचे वेगवेगळे भाग शोधले. एका पेशीच्या दोन पेशी होताना अनेक नाके लागतात. प्रत्येक नाका उघडणारे कायनेज असते. पण ते एकटे काही करू शकत नाही. 'सायक्लिन' नावाचे प्रथिन त्याला येऊन मिळावे लागते. सायक्लिन ठरावीक वेळी साचते आणि काम होताच नष्ट होते, म्हणून नाके क्रमाने उघडतात. या कायनेजांना सायक्लिनवर अवलंबून असणारी कायनेजे, संक्षेपाने 'सीडीके', म्हणतात. या तिघांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९९४ साली दिसून आले, की फ्लॅव्होपिरिडॉल सीडीके गटातील कायनेजना अडवते. सूज उतरवण्यासाठी शोधलेल्या द्रव्याच्या वारसाला असे अनपेक्षितपणे लक्ष्य मिळाले. त्याच दशकात रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. सीडीके अडवणारे कोणतेही औषध त्यापूर्वी माणसाला दिले गेले नव्हते.

परिणाम मात्र निराश करणारे आले. काचपात्रात एवढे प्रभावी ठरलेले औषध रुग्णाला सलग तीन दिवस शिरेतून दिले, तरी गाठी विशेष कमी होत नव्हत्या. जुलाबांचा त्रास मात्र होत होता. अनेकांनी हे औषध मनातून खोडून टाकले.

असे का झाले असावे? उत्तराचा एक भाग साधासा, पण विचार करायला लावणारा आहे. प्रयोगशाळेत पेशी वाढवताना त्यांना वासराच्या रक्तद्रवाचे पोषण दिले जाते. वासराच्या रक्तद्रवातील प्रथिनांना हे औषध फारसे चिकटत नाही. मानवी रक्तातील प्रथिनांना मात्र त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक अंश चिकटून बसतो. चिकटलेले औषध पेशीत शिरू शकत नाही. म्हणजे काचपात्रातील हिशेब अचूक असूनही माणसाच्या शरीरात मोकळे औषध फारच थोडे उरत होते. गावच्या विहिरीवर केलेला हिशेब नदीला लावावा, तसे हे झाले होते.

ही गोष्ट ध्यानात घेऊन अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या डॉक्टरांनी औषध देण्याची रीत बदलली. पहिला मोठा वाटा अर्ध्या तासात आणि उरलेला चार तासांत. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात इतर औषधे निष्फळ ठरलेल्या ४२ रुग्णांना या रीतीने औषध दिले गेले. त्यांपैकी १९ जणांत आजार लक्षणीयरीत्या मागे हटला. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध तेच, एकूण वेळ उलट कमी. बदलली होती ती केवळ देण्याची पद्धत. मात्र नवेच संकट उभे राहिले. कर्करोगाच्या पेशी काही तासांत एवढ्या संख्येने मरत, की त्यांतून बाहेर पडलेल्या पोटॅशियमसारख्या क्षारांचा लोंढा रक्तात येई आणि हृदय व मूत्रपिंडे धोक्यात येत. औषध चालू लागले, पण ते रुग्णालयात कडक देखरेखीखालीच देता येण्याजोगे होते.

आणि येथे एक विसंगती अभ्यासकांच्या लक्षात आली. या आजारातील बहुतेक पेशी विभागत नसतात; त्या नुसत्या जगत राहतात आणि साचतात. जी पेशी विभाजनाच्या नाक्यावर आलेलीच नाही, तिला नाका बंद करून कसे मारता येईल? लक्ष्य चुकीचे ओळखले गेले होते की काय?

ते चुकीचे नव्हते, अपुरे होते. सीडीके गटात नववा क्रमांक असलेल्या कायनेजचे खाते निराळे आहे. ते विभाजनाचा नाका सांभाळत नाही. जनुकातील मजकुराची नक्कल काढणाऱ्या यंत्रावर ते शिक्का मारते आणि नक्कल पुढे चालू राहते. फ्लॅव्होपिरिडॉल या सीडीके-९ला अत्यंत जोराने अडवते, हे २००० सालच्या सुमारास दिसून आले होते. नक्कल थांबली, की पेशीतील ज्या प्रथिनांचे आयुष्य काही तासांचेच असते ती प्रथम संपतात. रक्ताच्या काही कर्करोगांतील पेशी 'एमसीएल-१' नावाच्या अशाच एका अल्पायुषी प्रथिनाच्या आधारावर जिवंत असतात. रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घराप्रमाणे त्यांच्याकडे शिल्लक नसते. पुरवठा तुटला, की त्या कोसळतात. निरोगी पेशींपैकी अनेकींना हा आघात तात्पुरता सोसता येतो.

झाडातून द्रव्य मिळाले, त्यातून औषध घडले, पेशी थबकल्या, एक लक्ष्य कळले, औषध फसले, रीत बदलताच लागू पडले आणि खरे महत्त्वाचे लक्ष्य दुसरेच होते हे उमगले. एवढ्या वळणांना साधारण वीस वर्षे लागली. आणि तरीही अल्व्होसिडिबला सर्वसाधारण विक्रीची मान्यता मिळाली नाही.

पाठगत प्रश्न
(अ) काचपात्रात प्रभावी ठरलेले औषध रुग्णांत निष्प्रभ का ठरले?
(आ) न विभागणाऱ्या पेशीही या औषधाने का मेल्या?

५. वारसदार

मुलुंडचे केंद्र १९९८ साली निकोलस पिरामल या भारतीय कंपनीकडे आले. तेथील संशोधकांनी फ्लॅव्होपिरिडॉलच्या रेणूतील आणखी एक कडे बदलून 'पी २७६-००' हे नवे संयुग घडवले. सीडीके गटातील पहिल्या, चौथ्या आणि नवव्या कायनेजना ते अडवते, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या मानवी चाचण्याही झाल्या. परंतु नवी औषधे शोधण्याचा उद्योग खर्चिक आणि बेभरवशाचा असतो; २०१४ साली कंपनीने ते कामच थांबवले. पुढे जम्मू येथील भारतीय एकात्मिक वैद्यक संस्थेत संदीप भराटे, राम विश्वकर्मा आणि सहकाऱ्यांनी रोहिटुकिनपासूनच तोंडाने घेता येईल असे एक सीडीके अवरोधक तयार करून २०१८ साली त्याचे वर्णन दिले.

दरम्यान पाश्चात्त्य कंपन्यांनी निराळी वाट धरली. सीडीके गटातील केवळ चौथ्या व सहाव्या कायनेजना अडवणारी, म्हणजे कमी निरपराध कारकुनांना त्रास देणारी औषधे त्यांनी घडवली. त्यांतील पहिले, पाल्बोसिक्लिब, स्तनांच्या कर्करोगावर २०१५ साली अमेरिकेत मान्य झाले आणि आज ते भारतातही वापरले जाते. मुलुंडच्या संयुगाने ज्या दाराशी प्रथम धडक दिली, त्या दारातून आत गेले ते दुसरेच औषध.

६. पुन्हा बेंगळुरूकडे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येईल. रोहिटुकिनपासून औषध घडवायचे, तर रोहिटुकिन हवे; आणि त्यासाठी झाड हवे.

अशा मागणीने झाडाचे काय होते, हे महाराष्ट्राने नरक्याच्या बाबतीत पाहिले आहे. उग्र दर्पाच्या या झाडात कर्करोगावरील औषधांना लागणारे 'कॅम्प्टोथेसिन' असते, हे १९७२ साली गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्राचे टी. आर. गोविंदाचारी व त्यांचे सहकारी यांनी दाखवले. (हे द्रव्य कायनेजवर नव्हे, डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकरावर काम करते.) पुढे परदेशातून मागणी वाढली आणि कोल्हापूर, सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या घाटात नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. पोत्यांत भरलेल्या लाकडाच्या ढलप्या पकडल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अनेकदा आल्या. तोडणाऱ्या मजुराला त्या ढलप्यांतून काय बनते हे बहुधा ठाऊक नसे. त्याला किलोमागे मिळणारे पैसे ठाऊक असत.

बेंगळुरूच्या गटाने आधी नरक्याचाही अभ्यास केला होता. त्यामुळे डायसॉक्झायलमच्या बाबतीत केवळ 'कोणत्या झाडात किती' एवढ्यावर न थांबता ते पुढे गेले. झाडाच्या ऊतींच्या आत, झाडाला अपाय न करता, काही सूक्ष्म बुरशी राहत असतात. बाहेरून पाहिल्यास त्यांचा मागमूसही लागत नाही. साल निर्जंतुक करून तिचे बारीक तुकडे पोषक द्रवावर ठेवले, की काही दिवसांनी त्यांतून बुरशीचे तंतू बाहेर येतात. अशी एक फ्युजेरियम वर्गातील बुरशी वेगळी वाढवली असता तीही रोहिटुकिन तयार करते, असे या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केले. तिचा अर्क मानवी कर्करोगाच्या पेशींना मारक ठरला. २०१४ साली रोहितक वृक्षात राहणाऱ्या बुरशींतही हेच द्रव्य आढळले.

कल्पना किती मोहक आहे पाहा. दही लावण्यासाठी जसे विरजण पुरते, तशी बुरशी टाकीत वाढवावी, हवे तेवढे द्रव्य काढावे आणि घाटातील झाडाला कुऱ्हाड लागू नये. प्रत्यक्षात मात्र गणित जुळत नाही. बुरशीतून मिळणारे द्रव्य मायक्रोग्रॅमच्या हिशेबात, म्हणजे नगण्य असते. शिवाय झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्यावर अशा बुरशी ते द्रव्य बनवणे कमी करतात, असाही अनुभव आहे. झाडात राहताना तिला असे काय मिळते, जे काचपात्रात मिळत नाही? हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. तूर्त पाने हा त्यातल्या त्यात बरा मार्ग दिसतो. या झाडाच्या पानांतही रोहिटुकिन असते आणि पाने खुडल्याने झाड मरत नाही.

त्याच शहरात याच्या अगदी उलट दिशेनेही काम चालते. ऑरिजीन या बेंगळुरूच्या कंपनीत घडवलेले इमाव्हुसर्टिब हे औषध 'इराक-४' नावाच्या कायनेजला अडवते आणि रक्ताच्या कर्करोगांवरील मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले आहे. येथे झाड नाही, साल नाही. लक्ष्य आधी ठरवले आणि त्याच्या खोबणीत बसेल असा रेणू कागदावर आखून मग प्रयोगशाळेत घडवला. मुलुंडमध्ये द्रव्य हाती होते आणि लक्ष्य अज्ञात होते. येथे लक्ष्य ज्ञात होते आणि द्रव्य शोधायचे होते. दुसरी रीत सरळ वाटते खरी, पण तिच्यातही रुग्णाचे रक्त, देण्याची पद्धत आणि शेजारचे कारकून यांचे प्रश्न उभे राहतातच.

गांधी कृषी विज्ञान केंद्राच्याच आवारात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आहे. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली पेशींतील घडामोडी पाहिल्या जातात. तर आवारातील दुसऱ्या इमारतींत घाटातून आणलेल्या साली, पाने आणि बिया यांवर काम होत आले आहे. सीडीके-९ची खोबण आणि धनेशाने टाकलेले बी यांच्यातील अंतर या ठिकाणी पायी चालून जाण्याइतके आहे.

शब्दार्थ
विकर: शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. अवरोधक: अडवणारे द्रव्य. खोबण: वस्तू नेमकी बसेल अशी पोकळ जागा. एकस्व: शोधावरील मर्यादित काळाचा एकाधिकार, पेटंट. किण्व: पाव फुगवण्यासाठी वापरली जाणारी सूक्ष्म बुरशी, यीस्ट. रक्तद्रव: रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव भाग. ऊती: सारख्या पेशींचा समूह. मातब्बरी: महत्त्व, प्रतिष्ठा. हात टेकणे: हतबल होणे, आशा सोडणे. विजोड: एकमेकांशी न जुळणारे.

स्वाध्याय
१. 'लक्ष्य चुकीचे नव्हते, अपुरे होते' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. औषध तेच असूनही देण्याची पद्धत बदलल्याने परिणाम कसा बदलला, ते आठ-दहा ओळींत लिहा. नव्या पद्धतीतील धोकाही सांगा.
३. नरक्याच्या तोडीत मजूर, व्यापारी, वनखाते आणि रुग्ण यांपैकी कोणाचे हित कोठे अडकले आहे? तुमचे मत कारणांसह मांडा.
४. पाठात आलेल्या तीन उपमा शोधा. त्यांपैकी कोणती उपमा शास्त्रीय वस्तुस्थितीला कमी पडते असे तुम्हांला वाटते? का?
५. 'तोंडाने घेता येईल असे औषध' आणि 'शिरेतून द्यावे लागणारे औषध' यांतील फरक खेड्यात राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने विचारात घेऊन एका परिच्छेदात लिहा.
६. भाषाभ्यास: 'वर्षानुवर्षे', 'पिढ्यान्‌पिढ्या', 'दिवसरात्र' या शब्दांची घडण पाहा व प्रत्येकाचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.